कोरड्या दऱ्यांच्या मुलखांतील हवेचा अंदाज

हवेचा अंदाज म्हणजे उद्यां पाऊस पडेल कीं नाहीं एवढें सांगणें, अशी आपली सामान्य समजूत असते. अंदाज वाचावा, खिडकींतून आकाशाकडे पाहावें आणि छत्री घ्यावी कीं न घ्यावी हें ठरवावें. यापलीकडे त्याचा उपयोग आपणांस क्वचितच सुचतो. परंतु पृथ्वीवर असाहि एक मुलूख आहे कीं, जेथें डोक्यावर स्वच्छ निळें आकाश असतांना मनुष्य पुरांत सांपडून मरतो. जेथें एकाच दिवशीं वरच्या कांठावर गारांचा सडा पडतो, आणि त्याच दरीच्या तळाशीं दुसरा मनुष्य उन्हानें कोसळतो. अशा मुलखांत अंदाज कसा बांधतात, तो कसा वाचावयाचा असतो, आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्यास काय होतें, हें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखें आहे. हा मुलूख म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागांतील, कोलोरॅडो नदीच्या दऱ्यांचा प्रदेश होय. आणि तेथील हवेच्या अभ्यासास सर्वांत योग्य काळ म्हणजे उन्हाळ्याचा उत्तरार्ध, म्हणजे जुलैच्या आरंभापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंतचा.

मुलुखाची रचना

अरिझोना, यूटा, कोलोरॅडो व न्यू मेक्सिको या चार राज्यांच्या सीमा जेथें एका बिंदूंत मिळतात, त्याच्या सभोंवार सुमारें १,३०,००० चौरस मैलांचें एक उंच पठार पसरलें आहे. त्यास कोलोरॅडो पठार म्हणतात. तें बहुतेक वालुकाश्म, चुनखडी इत्यादि थरांच्या खडकांचें बनलेलें असून, नदीनें व तिच्या उपनद्यांनीं तें लक्षावधि वर्षें कापून काढलें आहे. त्यांत ग्रँड कॅनियन नांवाची जगप्रसिद्ध दरी आहे. तिची लांबी २७७ मैल, रुंदी जास्तींत जास्त १८ मैल, आणि खोली सुमारें १ मैल आहे. (त्या देशांत उंची फुटांनीं, अंतर मैलांनीं व पाऊस इंचांनीं मोजतात; तींच मापें येथें ठेविलीं आहेत. उष्णमान मात्र आपल्या सवयीच्या सेल्सिअस अंशांत दिलें आहे.)

मुख्य दरीखेरीज या पठारांत शेंकडों लहान घळी आहेत. कांहीं घळी इतक्या चिंचोळ्या आहेत कीं, मध्यें उभें राहून दोन्ही हात पसरले असतां दोन्ही भिंतींस स्पर्श होतो. आणि वर पाहिलें तर आकाशाची एक बारीक पट्टी तेवढी दिसते. भिंतींवर पाण्यानें कोरलेल्या लाटा, त्यांवर पडणारा तांबूस उजेड आणि आंतील गारवा यांमुळें दूरदूरचे प्रवासी या घळी पाहावयास येतात. परंतु ज्या पाण्यानें ही शोभा कोरली, तें पाणी कामावरून निवृत्त झालेलें नाहीं, हें पुष्कळांच्या ध्यानांत राहात नाहीं.

एका दरींत अनेक हवामानें

आतां उंचीचा विचार करूं. ग्रँड कॅनियनचा उत्तर कांठ समुद्रसपाटीपासून सुमारें ८,००० फूट, दक्षिण कांठ सुमारें ७,००० फूट, आणि तळाशीं नदीकांठीं असलेली फँटम रँच ही वस्ती सुमारें २,५०० फूट उंचीवर आहे. ऑगस्ट महिन्यांत दुपारचें सरासरी कमाल उष्णमान उत्तर कांठावर सुमारें २४ अंश, दक्षिण कांठावर सुमारें २८ अंश, आणि तळाशीं सुमारें ३९ अंश असतें. पाऊस याच्या उलट. त्या महिन्यांत उत्तर कांठावर पावणेतीन इंचांच्या आसपास, दक्षिण कांठावर सव्वादोन इंच, आणि तळाशीं दीड इंचाहूनहि कमी पडतो.

असें कां व्हावें? हवा खालीं उतरूं लागली कीं तिच्यावरील दाब वाढतो, ती दाबली जाते आणि दाबली गेल्यामुळें तापते. सायकलच्या पंपानें हवा भरतांना पंपाचें तोंड गरम लागतें, त्यांतलाच हा प्रकार. कोरडी हवा १,००० फूट उतरली तर सुमारें ३ अंशांनीं तापते. विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा: उत्तर कांठापासून नदीपर्यंत ५,५०० फुटांचा उतार आहे, त्या मानानें साडेसोळा अंशांचा फरक पडावा. प्रत्यक्षांत तो सुमारें १५ अंश भरतो. गणित आणि निसर्ग यांचा मेळ इतका जवळचा आहे.

यावरून पहिली गोष्ट ही निघते कीं, या प्रदेशाचा अंदाज एका आंकड्यांत देतां येत नाहीं. फ्लॅगस्टाफ येथील सरकारी हवामान कचेरी कांठाचें व तळाचें भाकित वेगवेगळें देते. आणि उष्णतेचा इशारा द्यावयाचा झाल्यास तो पुष्कळदां "४,००० फुटांखालील भागासाठीं" असा देते. कांठावर गार वाऱ्यांत उभा असलेला प्रवासी हा इशारा वाचून हंसतो, आणि उत्साहानें दरी उतरूं लागतो. इतर पर्वतांवर चढणें आधीं आणि उतरणें मागाहून असतें. म्हणून थकलेला मनुष्य अर्ध्यावरून परत फिरतो. येथें क्रम उलटा आहे. उतरणें सोपें व आधीं. चढणें कठीण, मागाहून, आणि भर उन्हांत. कोरड्या हवेंत घाम येतां येतांच वाळतो, त्यामुळें अंगांतलें पाणी किती गेलें हें कळतहि नाहीं. म्हणून उन्हाळ्यांत सकाळीं १० पासून दुपारीं ४ पर्यंत दरीच्या आंतल्या वाटेवर चालूं नये, असें तेथील उद्यानाचे अधिकारी सर्वांस बजावीत असतात.

पाऊस कोठून येतो

मे व जून हे महिने तेथें अत्यंत कोरडे असतात. वारे पश्चिमेकडून, वाळवंटावरून येतात. जुलैच्या सुमारास वातावरणाच्या वरच्या थरांतील अधिक दाबाचें एक विस्तीर्ण क्षेत्र उत्तरेस सरकतें, आणि त्या चार राज्यांच्या संगमबिंदूच्या आसपास येऊन बसतें. अशा क्षेत्राभोंवतीं उत्तर गोलार्धांत वारे घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें फिरतात. त्यामुळें त्याच्या पश्चिम बाजूस, म्हणजे अरिझोनावर, दक्षिणेकडचे वारे वाहूं लागतात. कॅलिफोर्नियाच्या आखातावरून व मेक्सिकोलगतच्या पॅसिफिक महासागरावरून खालच्या थरांत, आणि मेक्सिकोच्या आखाताकडून वरच्या थरांत, असें दोन्हीकडून बाष्प येतें. ऋतूप्रमाणें वाऱ्यांनीं दिशा बदलणें यालाच आपण मोसमी वारे म्हणतों. अरबी भाषेंतील "मौसिम" म्हणजे ऋतु, या शब्दापासून आपला "मोसम" आला आणि इंग्रजीतील "मॉन्सून"हि आला. हाच शब्द आज अरिझोनांतील शेतकऱ्याच्या तोंडींहि आहे.

परंतु नांव एक म्हणून रूपहि एकच असें समजूं नये. आपल्या आषाढांतील झड तेथें नाहीं. तेथील पाऊस आपल्या वळवाच्या पावसाशीं अधिक जुळतो. सकाळीं आकाश निरभ्र; दहा-अकराच्या सुमारास उंच कांठांवर कापसासारखे पांढरे ढग; दुपारीं त्यांचे मनोरे; आणि मग विजा, गारा, सोसाट्याचा वारा व तासभर मुसळधार वृष्टि. एका खोऱ्यांत दोन इंच पडतो, शेजारच्या खोऱ्यांत धूळहि भिजत नाहीं. मोसमाच्या आरंभीं तर कित्येकदां पाऊस ढगांतून निघालेला दिसतो, पण कोरड्या हवेंत मध्येंच आटून जातो. जमिनीस मात्र विजा लागतात व वणवे पेटतात. २०२५ च्या जुलैंत ग्रँड कॅनियनच्या उत्तर कांठावर "ड्रॅगन ब्राव्हो" नांवाचा मोठा वणवा विजेमुळेंच लागला. जळालेली जमीन पाणी जिरूं देत नाहीं. म्हणून अशा वणव्यानंतर खालच्या घळींना लोंढ्याचें भय अधिक होतें.

अधिक दाबाचें तें क्षेत्र थोडें सरकलें कीं पावसाचा पट्टाहि सरकतो. तें बरोबर डोक्यावर आलें तर हवा खालीं दाबली जाऊन ढग वाढत नाहींत. तें बाजूस गेलें तर पुन्हां बाष्पाचा ओघ सुरू होतो. त्यामुळें कांहीं दिवस उघाड, कांहीं दिवस वादळें, असा क्रम चालतो. मोसम केव्हां सुरू झाला हें ठरविण्यासाठीं पूर्वीं फीनिक्स शहरीं हवेंतील बाष्प मोजीत. दंवबिंदु लागोपाठ तीन दिवस सुमारें १३ अंश किंवा अधिक राहिला म्हणजे मोसम लागला असें मानीत. २००८ पासून मात्र १५ जून ते ३० सप्टेंबर हा काळ ठराविक धरला जातो. लोकांनीं दंवबिंदूचा वाद घालीत न बसतां ठराविक तारखेपासून सावध असावें, हा त्यांतील हेतु. आपला शेतकरी मृग नक्षत्र लागलें कीं, पाऊस येवो न येवो, तयारीस लागतो, तसेंच हें.

सप्टेंबरांत वारे पुन्हां कोरडे होऊं लागतात, पण धोका संपत नाहीं. पॅसिफिक महासागरांत उठलेल्या उष्ण कटिबंधीय वादळांचे अवशेष या वेळीं कधीं कधीं उत्तरेस ओढले जातात. १९७० च्या सप्टेंबरांत "नॉर्मा" नांवाच्या वादळाच्या बाष्पानें मध्य अरिझोनांत वर्कमन क्रीक येथें २४ तासांत ११.४ इंच पाऊस पाडला. त्या पुरांत २३ माणसें दगावलीं.

अंदाज नव्हता तेव्हां

१८६९ सालीं जॉन वेस्ली पॉवेल या भूगोलसंशोधकानें ही नदी नावांतून उतरण्याचें धाडस केलें. यादवी युद्धांत त्याचा उजवा हात गेला होता. मे महिन्याच्या २४ तारखेस दहा माणसें चार नावांतून निघालीं, आणि ग्रँड कॅनियनच्या आंत तीं पोंचलीं तीं नेमकीं ऑगस्टांत, म्हणजे मोसमाच्या ऐन भरांत. रात्रीं अंथरुणें भिजत, शिधा भिजून नासे, आणि कड्यांवरून गढूळ पाण्याचे प्रवाह कोसळत. पुढें काय आहे हें सांगणारें कोणी नव्हतें. ऑगस्टच्या २८ तारखेस तिघे जण धीर सोडून कडा चढून वर गेले; ते पुन्हां जिवंत दिसले नाहींत. उरलेले सहाजण दोन दिवसांत दरीबाहेर सुखरूप निघाले. एकजण तर आरंभींच परतला होता.

लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या वेळीं त्या देशांत राष्ट्रीय हवामान खातेंच नव्हतें. तें स्थापण्याचा कायदा पुढच्याच वर्षीं, १८७० च्या फेब्रुवारी महिन्याच्या ९ तारखेस झाला. पॉवेलला जें ज्ञान कोणत्याहि किंमतीस मिळालें नसतें, तें आज प्रत्येक प्रवाशास फुकट मिळतें. तरीहि माणसें दगावतात. कां, तें आतां पाहूं.

अंदाज कसा बांधतात

फ्लॅगस्टाफजवळ बेलमाँट येथून दिवसांतून दोन वेळां एक मोठा फुगा आकाशांत सोडतात. त्यास बांधलेलें लहानसें यंत्र वरील थरांचें उष्णमान, बाष्प व वाऱ्याची गति बिनतारी संदेशानें खालीं कळवितें. हवेंत एकंदर बाष्प किती आहे, खालची हवा तापली तर ती किती उंच चढेल, आणि वरचे वारे ढगांस लौकर ढकलतील कीं एकाच जागीं रेंगाळूं देतील, हें त्यावरून समजतें. रेंगाळणारें वादळ सर्वांत वाईट. कारण त्याचें सर्व पाणी एकाच खोऱ्यांत उतरतें. याशिवाय उपग्रहांचीं चित्रें, रडार, नद्यांवरील पाणी मोजण्याचीं ठाणीं आणि संगणकांनीं केलेलें गणित यांचें साहाय्य असतें.

तथापि मर्यादा आहेतच. रडारचा किरण सरळ जातो, पृथ्वी मात्र वाटोळी. त्यामुळें दूरच्या वादळाचा खालचा भाग त्यास दिसत नाहीं, आणि डोंगर आड आले तर कांहींच दिसत नाहीं. शिवाय वादळ कांहीं मैलांपुरतेंच असतें. आज दुपारीं या पठारावर वादळें होतील, हें सकाळीं पुष्कळशा खात्रीनें सांगतां येतें. तें अमुक घळीच्या माथ्यावर होईल, हें मात्र कोणीहि सांगूं शकत नाहीं. म्हणूनच अंदाज संभवाच्या भाषेंत बोलतो: "पावसाचा संभव शेंकडा ४०."

याचा अर्थ नीट समजला पाहिजे. शेंकडा ४० म्हणजे प्रदेशाच्या चाळीस टक्के भागावर पाऊस, किंवा दिवसाच्या चाळीस टक्के वेळ पाऊस, असें नव्हे. अशाच लक्षणांच्या दहा सकाळी घेतल्या तर एखाद्या ठराविक जागीं त्यांपैकीं चार दिवस पाऊस पडेल, असा त्याचा अर्थ. "ठराविक जागीं" हे शब्द महत्त्वाचे आहेत. घळींत उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न त्याच्या जागीं पाऊस पडेल कीं नाहीं हा नसतो. त्या घळींत ज्या ज्या भूमीवरचें पाणी उतरतें, त्या सर्व पाणलोटांत कोठें तरी पाऊस पडेल कीं नाहीं, हा असतो. आणि हा संभव नेहमींच अधिक असतो. एक नाणें उडविलें तर छाप पडण्याचा संभव निम्मा. चार नाणीं उडविलीं तर निदान एक तरी छाप पडण्याचा संभव सोळांत पंधरा! ढग हे नाण्यांसारखे एकमेकांपासून अगदीं स्वतंत्र नसतात हें खरें. पण तत्त्व ध्यानांत येण्यास हें उदाहरण पुरे आहे. पाणलोट जितका मोठा, तितकीं नाणीं अधिक.

त्यांतून तेथील जमीन बहुतेक उघडा खडक. त्यावर माती थोडी, गवत विरळ. पाणी जिरावयास जागाच नाहीं. पडलेलें पाणी नरसाळ्यांत ओतल्याप्रमाणें ओहोळांतून घळींत शिरतें. वर मैलभर रुंदींत पसरलेलें पाणी खालीं चार हातांच्या फटींतून जाऊं लागलें म्हणजे त्याची उंची व वेग किती वाढेल, याची कल्पनाच करावी. त्याबरोबर चिखल, झाडांचे ओंडके व धोंडे असतात. यालाच आपण लोंढा म्हणतों.

चार शब्द

यूटाच्या दक्षिणेकडील घळींसाठीं सॉल्ट लेक सिटी येथील हवामान कचेरी या ऋतूंत रोज लोंढ्याच्या संभवाची एक प्रत जाहीर करते. तिच्या चार पायऱ्या आहेत. आपल्या भाषेंत त्यांस "अपेक्षित नाहीं", "शक्य", "संभवनीय" आणि "अपेक्षित" असें म्हणतां येईल. यांखेरीज दोन प्रकारच्या सूचना निघतात. लोंढा येण्यास हवा अनुकूल आहे, सावध असा, ही पहिली. लोंढा आला आहे किंवा आतांच येणार आहे, उंच जागीं जा, ही दुसरी. पहिली कांहीं तास आधीं मिळते. दुसरीस कित्येकदां थोड्या मिनिटांचाच अवधि असतो. आणि जो मनुष्य दोनशें फूट खोल फटींत उतरला आहे, त्यास दुसरी सूचना बहुधा ऐकूंच येत नाहीं. तेथें बिनतारी संदेश पोंचत नाहींत. त्याच्यासाठीं खरा अंदाज एकच, तो म्हणजे सकाळचा.

तीन दिवसांची हकीगत

१९९७ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या १२ तारखेस, अरिझोनांतील पेज गांवाजवळ, नॅव्हाहो लोकांच्या भूमींतील अँटिलोप कॅनियनच्या खालच्या घळींत कांहीं प्रवासी उतरले होते. त्या जागीं पाऊस जवळजवळ नव्हताच. परंतु सुमारें सात मैल वरच्या बाजूस एक मोठें वादळ कोसळून गेलें होतें. त्याचा लोंढा घळींत शिरला आणि ११ प्रवासी मृत्युमुखीं पडले. त्यांच्याबरोबरचा वाटाड्या तेवढा वांचला. त्या काळीं खालीं उतरण्यासाठीं असलेल्या लांकडी शिड्या पाण्यानें वाहून नेल्या. पुढें तेथें खडकांत घट्ट बसविलेले लोखंडी जिने झाले, धोक्याचे भोंगे बसविले, आणि आतां वाटाड्याशिवाय तेथें कोणासहि जातां येत नाहीं.

२०१५ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या १४ तारखेस यूटांतील झायन राष्ट्रीय उद्यानांत सात जण कीहोल नांवाच्या चिंचोळ्या घळींत उतरण्यास निघाले. त्या सकाळची प्रत "संभवनीय" अशी होती, आणि परवाना देतांना तें त्यांस सांगितलें होतें. उद्यानाचा नियम असा कीं, जावें कीं न जावें याचा निर्णय ज्याचा त्यानें करावयाचा. दुपारीं वादळ फुटलें. धोक्याचा इशारा निघाला तेव्हां त्यांस गांठण्याचा मार्ग उरला नव्हता. उद्यानांतील व्हर्जिन नदीच्या उत्तर शाखेचा प्रवाह १५ मिनिटांत सेकंदास ५५ घनफुटांवरून २,६३० घनफुटांवर गेला. म्हणजे सुमारें अठ्ठेचाळीस पट झाला. वजनांत सांगावयाचें तर दर सेकंदास सुमारें ७४ टन पाणी. सातांपैकीं एकहि वांचला नाहीं. त्याच दिवशीं तेथून दूर नसलेल्या हिल्डेल गांवीं एका ओढ्याच्या लोंढ्यानें दोन मोटारी वाहून नेल्या. त्यांत स्त्रिया व मुलें मिळून १६ जण होतीं. त्यांतील १३ जण प्राणांस मुकलीं. हीं कांहीं साहसास निघालेलीं नव्हतीं. तीं आपल्याच गांवच्या ओढ्याकांठीं होतीं.

२०२४ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या २२ तारखेस ग्रँड कॅनियनच्या बाजूची हवासू दरी अशाच लोंढ्यानें भरून गेली. तेथें हवासुपाई लोकांचें सुपाई हें गांव आहे. तेथवर मोटारीचा रस्ता नाहीं. पायवाट मोडल्यामुळें शंभरांहून अधिक लोकांस हेलिकॉप्टरनें बाहेर काढावें लागलें. वाहून गेलेली एक प्रवासी स्त्री कांहीं दिवसांनीं मृतावस्थेंत सांपडली.

या तिन्ही दिवसांत एक सूत्र आहे. पाणी पडलें एका ठिकाणीं आणि घात झाला दुसऱ्या ठिकाणीं. "संभवनीय" हा शब्द ऐकणारानें पुष्कळदां "कदाचित् येणारहि नाहीं" असा मनांत फिरविलेला असतो. दुरून आलेला प्रवासी, महिनोगणती आधीं ठरविलेला बेत, खर्च केलेले पैसे, सोबत्यांचा उत्साह, आणि वर निळें आकाश. इतके साक्षीदार एका बाजूस, आणि कागदावरचा एक शब्द दुसऱ्या बाजूस! अंदाज खोटा ठरला म्हणून आपण वेधशाळेस हंसतों. पण जो "संभवनीय" म्हणाला आणि पाऊस आला नाहीं, तो खोटें बोलला असें होत नाहीं. त्यानें फक्त नाणीं किती आहेत तें सांगितलें.

अंदाज वाचणारानें ध्यानांत ठेवावयाच्या गोष्टी

पहिली: आपण उभे आहों त्या जागेचा नव्हे, तर जेथून पाणी येतें त्या सर्व पाणलोटाचा अंदाज वाचावा. त्यासाठीं नकाशा हवा, आणि नकाशा वाचतां आला पाहिजे.

दुसरी: संभव किती याबरोबरच, तो खरा झाल्यास नुकसान किती आणि पळावयास वाट आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें. शेंकडा २० संभव सहलीस निघणारास थोडा वाटेल. चिंचोळ्या घळींत उतरणारास तो फार मोठा आहे.

तिसरी: दिवसाचा क्रम ओळखावा. या ऋतूंत वादळें बहुधा दुपारनंतर होतात. म्हणून कामें सकाळीं उरकावीं. परंतु पाऊस थांबल्यावरहि लोंढा येतो, कारण पाण्यास वाट चालावयास वेळ लागतो.

चौथी: मेघगर्जना ऐकूं आली कीं उघड्या कड्यावरून दूर व्हावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर निदान ३० मिनिटें परत जाऊं नये.

पांचवी: पाणी एकाएकीं गढूळ होणें, त्यांतून काटक्या वाहूं लागणें, वरच्या बाजूनें घरघर ऐकूं येणें, यांपैकीं एकहि चिन्ह दिसलें कीं सामानाची आशा न धरतां उंच जागा गांठावी. तेथें वादास वेळ नसतो.

उपसंहार

मनुष्याची दृष्टि तो उभा असेल तेथपर्यंतच पोंचते. आणि घळींत तर ती आकाशाच्या एका पट्टीपुरती उरते. त्या पट्टीपलीकडे काय चाललें आहे हें, ज्यांनीं पहांटे फुगा सोडला, आंकडे मांडले आणि मोजून एक शब्द लिहिला, त्या अपरिचित माणसांकडून त्यास घ्यावें लागतें. त्यांचा शब्द आज्ञा नसतो. तो आपला हात धरून आपणांस मागें ओढीत नाहीं. बेत रद्द करून परत फिरणें हें काम ज्याचें त्यासच करावें लागतें, आणि परत फिरलेल्या माणसास आपण कशांतून वांचलों हें पुष्कळदां कधींच कळत नाहीं. त्या दिवशीं लोंढा आला नाहीं तर सोबती त्यास भित्रा म्हणतात. तें म्हणणें ऐकून घेण्याचें धैर्य ज्यास आहे, त्यासच अंदाज खरोखर वाचतां आला असें समजावें. दरी तेथेंच असते. ती पुढच्या आठवड्यांतहि पाहतां येते.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. दक्षिण कांठावर उष्णमान २८ अंश असेल, तर हवा १,००० फुटांस ३ अंश या प्रमाणानें तापते असें धरून नदीकांठीं तें किती असावें, तें काढा. उत्तराची वर दिलेल्या आंकड्याशीं तुलना करा.

२. तीन नाणीं उडविलीं असतां निदान एक छाप पडण्याचा संभव किती? या उदाहरणाचा पाणलोटाशीं संबंध काय?

३. आपल्या गांवच्या ओढ्यास कोणकोणत्या टेंकड्यांवरचें पाणी मिळतें, तें वडील माणसांस विचारून त्याचा नकाशा काढा. वर पाऊस पडल्यापासून पाणी गांवापर्यंत येण्यास किती वेळ लागतो, तेंहि त्यांस विचारा.

४. "लोंढा संभवनीय आहे" असें कळल्यावर निघालेला बेत रद्द करावा अशी तुमची इच्छा आहे, पण सोबती ऐकत नाहींत. त्यांस पटवून देण्यासाठीं दहा ओळी लिहा.